अंतर, वाट आणि वळसा : माणगाव ते तेल अवीव या प्रवासाच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

रायगड जिल्ह्यातील माणगावच्या स्थानकावर एखाद्या वाटसरूला ‘येथून मुंबई किती लांब आहे?’ असे विचारले, तर बहुधा ‘चार तास’ असे उत्तर मिळते. प्रश्न लांबीचा आणि उत्तर काळाचे, तरीही विचारणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. उलट ‘दीडशे किलोमीटर’ हे उत्तर अचूक असूनही त्याने त्याचे समाधान होत नाही. ‘म्हणजे किती वेळ?’ हा दुसरा प्रश्न त्यामागोमाग येतोच.

हा केवळ बोलीतील सैलपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही. दोन स्थळांमध्ये वस्तुतः तीन निरनिराळ्या राशी नांदत असतात. पहिली भूमितीची : दोन बिंदूंमधील किमान लांबी. दुसरी मार्गाची : प्रत्यक्ष ज्या वाटेने जावे लागते तिची लांबी. तिसरी काळाची : निघाल्यापासून पोचेपर्यंत लोटलेला वेळ. व्यवहारात या तिन्हींना सरसकट ‘अंतर’ म्हटले जाते आणि त्यातूनच पुष्कळ घोटाळे उद्भवतात. विमानप्रवासाच्या संदर्भात तर हा घोटाळा विशेष वाढतो, कारण विमान ‘सरळ’ जाते अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत लेखात या तीन राशींचा उलगडा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे मुंबई व तेल अवीव या दोन शहरांमधील हवाई प्रवास, आणि त्याच्या मागे उभा असलेला माणगाव परिसरापासूनचा प्रवास.

२. उदाहरणाची निवड

ही दोन शहरे निवडण्यामागे कारण आहे. पूर्वीचा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, ही बेने इस्राएल समाजाची जुनी भूमी. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून कोकणात तो ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेला. त्याची मातृभाषा मराठी आणि त्याची आडनावे म्हणजे या जिल्ह्याचा जणू नकाशाच : रोहेकर, अष्टमकर, पेणकर, तळकर, घोसाळकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर. यांपैकी तळे आणि दिवे आगर ही गावे माणगावच्या पश्चिमेस आहेत. आजही त्या बाजूचा मुंबईकडे जाणारा पुष्कळसा प्रवासी माणगावलाच महामार्गाला लागतो.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेली. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, डिमोना अशा गावी ती स्थिरावली. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. ‘-कर’ हा प्रत्यय मात्र आडनावाला चिकटून राहिला. नेगेवच्या वाळवंटातील घराच्या दारावर ‘दिवेकर’ अशी पाटी असते, तेव्हा त्या एका शब्दात प्रवासाचा आरंभबिंदू कायमचा नोंदलेला असतो. अशा कुटुंबांच्या दृष्टीने मुंबई-तेल अवीव हे अंतर भूगोलाच्या पुस्तकातील आकडा राहत नाही. गावची कबरस्ताने, जुनी सभास्थाने, मागे राहिलेले आप्त यांच्याशी जोडणारी ती वाट असते.

३. शब्दांची साक्ष

मराठीने वर सांगितलेल्या तीन राशींसाठी पूर्वीपासून वेगवेगळे शब्द जपले आहेत. ‘अंतर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘मधील जागा’, ‘आतला भाग’ असा असून तो स्थळ, काळ आणि मन या तिन्ही क्षेत्रांत वावरतो. ‘अंतर देणे’ या वाक्प्रचारात तर लांबीचा लवलेश नाही, तेथे सोडून देण्याचा भाव आहे. ‘पल्ला’ म्हणजे एका दमात गाठता येण्याजोगी किंवा गाठावयाची लांबी; तोफेलाही पल्ला असतो आणि बैलगाडीलाही. ‘मजल’ हा शब्द अरबीतील ‘मंझिल’पासून आला. उतरणे, पायउतार होणे हा त्याचा धात्वर्थ. दिवसभर चालून जेथे उतरावयाचे ती मजल. म्हणजे लांबीचे हे माप मुळात विश्रांतीवरून, पर्यायाने काळावरून ठरलेले आहे. घाट चढावयाचा असेल तर मजल आखूड होते, सपाटी असेल तर लांबते. ‘वळसा’ हा शब्द तर केवळ मार्गाचाच आहे : सरळ जाता येत नाही म्हणून घ्यावा लागणारा फेर.

काळाची मापेही ध्यानात घेण्याजोगी आहेत. ‘तास’ म्हणजे मूळचे धातूचे पात्र किंवा थाळी. तिच्यावर टोला देऊन वेळ सांगितली जाई आणि त्यावरून वेळेच्या मापालाच ते नाव मिळाले. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा.

या संदर्भात ज्यू परंपरेतील एक साम्य लक्षणीय आहे. तालमुदी वाङ्मयात ‘मिल’ नावाचे दोन हजार हातांचे, म्हणजे साधारणतः एक किलोमीटरचे, माप आढळते. हा शब्द लॅटिनमधील ‘सहस्र’वाचक शब्दावरून आलेला आहे आणि मराठीत इंग्रजीमार्फत आलेला ‘मैल’ हा त्याचाच चुलतभाऊ होय. परंतु धर्मशास्त्रीय चर्चेत ‘मिल’ हे काळाचेही माप ठरले : एक मिल चालण्यास लागणारा वेळ. काहींच्या मते तो अठरा मिनिटे, तर मैमोनिदेसच्या मते चोवीस मिनिटे, म्हणजे बरोबर एक घटका. कोकणातील बेने इस्राएल कुटुंबाच्या दोन्ही वारशांनी अशा प्रकारे चालण्याच्या काळाचा उपयोग मापासारखा केलेला दिसतो.

४. किमान लांबी

आता पहिल्या राशीकडे वळू. पृथ्वी जवळजवळ गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील किमान लांबी ही सरळ रेषा नसून बृहद्वृत्ताचा कंस असते. पृथ्वीगोलावर दोन गावांवर बोटे ठेवून त्यांमध्ये दोरा ताणून धरला असता तो ज्या ओळीवर बसतो, तीच ही वाट. सपाट नकाशावर ती वक्र दिसते, हा नकाशाचा दोष होय.

मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ उत्तर अक्षांश व ७२.९ पूर्व रेखांश यांवर आहे. तेल अवीवचा विमानतळ सुमारे ३२ उत्तर अक्षांश व ३४.९ पूर्व रेखांश यांवर. गोलीय त्रिकोणमितीने या दोहोंमधील कोन सुमारे ३६.४ अंशांचा येतो. एका अंशास १११.२ किलोमीटर धरल्यास लांबी सुमारे ४,०५० किलोमीटर भरते. हा कंस मुंबईहून वायव्येच्या किंचित पश्चिमेस निघतो, अरबी समुद्र ओलांडून इराणच्या दक्षिण किनाऱ्यास स्पर्श करतो, कुवेतवरून उत्तर सौदी अरेबियाच्या वाळवंटात शिरतो आणि जॉर्डनमार्गे तेल अवीवला पोचतो.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच पद्धतीने दिल्लीचे गणित केले, तर तेही ४,०५० किलोमीटरच्या आसपासच येते. मुंबई व दिल्ली ही दोन शहरे तेल अवीवपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. हे साम्य पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

५. वाट आणि वळसा

किमान लांबी ही गणिताची देणगी होय. वाट मात्र परिस्थितीने ठरते. कोकणातील वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. राजपुरीच्या खाडीच्या एका काठावर दिघी आणि दुसऱ्या काठावर आगरदांडा. तरीने खाडी ओलांडली तर काही किलोमीटरांचा प्रश्न. पण खाडीच्या मुखाशी पूल नव्हता त्या काळात जमिनीने जावयाचे म्हटले, की खाडीला वळसा घालून जावे लागे आणि तोच प्रवास कित्येक पटींनी वाढे. समोरचे गाव दिसत असते, पण ते जवळ नसते.

हवाई प्रवासातील वळशाची दोन कारणे प्रमुख आहेत. पहिले विमानाच्या पल्ल्याचे. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. त्या काळच्या पंख्याच्या विमानांना एका दमात हा पल्ला गाठणे शक्य नव्हते. विमान असले तरी प्रवास ‘मजल दरमजल’च होता. जेट विमाने आल्यावर हे कारण बहुतांशी लोपले.

दुसरे कारण मानवनिर्मित आहे. १९४४ च्या शिकागो करारातील पहिल्याच कलमानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील हवाई हद्दीत संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असते. म्हणजे आकाशाला खाडी नसली, तरी सीमा आहेत. भारत व इस्राएल यांच्यात १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि पुढे ‘एल अल’ या इस्राएली कंपनीची विमाने मुंबईला येऊ लागली. परंतु सौदी अरेबियाची हवाई हद्द त्यांना बंद होती. त्यामुळे तेल अवीवहून निघालेले विमान तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेस बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीपर्यंत जाई, तेथून एडनच्या आखातावरून पूर्वेस वळे आणि अरबी समुद्र ओलांडून मुंबई गाठी. संपूर्ण अरबी द्वीपकल्पाला घातलेला हा वळसा होता. या वाटेची लांबी मोजली असता सुमारे ५,६०० किलोमीटर भरते. किमान लांबीपेक्षा ती दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी हद्दीतून तेल अवीवला गेले. इस्राएलला जाणाऱ्या व्यापारी विमानाला सौदी आकाश मोकळे होण्याची ती पहिली वेळ, आणि त्यामुळे सुमारे दोन तास वाचल्याचे तेव्हा सांगितले गेले. ‘एल अल’ला मात्र ही परवानगी नव्हती, स्पर्धेतील या विषमतेविरुद्ध तिने इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. भूमितीच्या दृष्टीने सारख्याच अंतरावर असलेल्या दोन शहरांपैकी एकाकडे जाणारी वाट आखूड झाली आणि दुसरीकडे जाणारी लांबच राहिली. फरक विमानांत नव्हता, पृथ्वीच्या आकारात तर नव्हताच. तो परवान्यात होता.

१५ जुलै २०२२ रोजी सौदी अरेबियाने आपली हवाई हद्द सर्व कंपन्यांना खुली केल्याचे जाहीर केले. तरीही पूर्वेकडील वाट पुरी मोकळी झाली नाही, कारण सौदी भूमी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये ओमान आहे. ओमानची अनुमती फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. मस्कत व रियाधच्या बाजूने जाणारी ही वाट सुमारे ४,२०० किलोमीटरची, म्हणजे किमान लांबीच्या पुष्कळच जवळची आहे. परंतु अशी वाट कायमची असते असे नाही. १३ जून २०२५ रोजी इस्राएल व इराण यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा इस्राएल, इराण, इराक आणि जॉर्डन यांच्या हवाई हद्दी बंद झाल्या. ४,०५० हा आकडा त्या दिवशीही बदलला नव्हता; वाट मात्र उरली नव्हती.

६. वारा

वाट ठरली तरी वेळ ठरत नाही. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारत व अरबस्तानच्या वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला ते समोरून येतात, परतणाऱ्याला पाठीशी मिळतात.

विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ७० किलोमीटर धरू. ४,२०० किलोमीटरच्या वाटेला वारा नसताना ४ तास ५६ मिनिटे लागतील. समोरच्या वाऱ्यात तीच वाट ५ तास २३ मिनिटांची होईल, पाठीच्या वाऱ्यात ४ तास ३४ मिनिटांची. जाताना तोटा २७ मिनिटांचा, येताना लाभ २२ मिनिटांचा. दोन्ही समान नाहीत, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. वारा नेहमीच एकंदर प्रवासाचे थोडे नुकसान करतो. पावसाळ्यात चित्र पालटते. दक्षिण भारत व अरबी समुद्रावर, साधारण १५ अक्षांशाच्या आसपास, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्णकटिबंधीय वारा प्रबळ होतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्याचे विवेचन केले. दक्षिणेकडील वळशाच्या वाटेवर पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला त्याचे साहाय्य मिळू शकते.

चढणे, उतरणे व धावपट्टीपर्यंतची चाल यांसाठी आणखी अर्धा तास धरल्यास वळशाची वाट सुमारे सात ते आठ तासांची आणि सरळ वाट साडेपाच-पावणेसहा तासांची होते. जुन्या भाषेत सांगावयाचे तर अडीच प्रहरांचे काम दोन प्रहरांत होते.

७. घड्याळांचा भ्रम

वेळापत्रकात छापलेल्या वेळा स्थानिक असतात आणि तेथे आणखी एक भ्रम निर्माण होतो. भारताची प्रमाण वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, इस्राएलची हिवाळ्यात दोन आणि उन्हाळ्यात तीन तास पुढे. मुंबईहून हिवाळ्यात सकाळी ६ वाजता निघालेले विमान आठ तासांनी पोचले, तर तेथील घड्याळात साडेदहा वाजलेले असतील. प्रवास साडेचार तासांचाच झाला असे वाटेल. परतीला रात्री १० वाजता निघून सात तासांनी पोचले, तर मुंबईत सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. तो प्रवास साडेदहा तासांचा भासेल.

या भ्रमावर सोपा उपाय आहे. जाण्याचा व येण्याचा भासमान काळ मिळवून त्याची निमपट करावी. साडेचार व साडेदहा मिळून पंधरा, त्याची निमपट साडेसात. आठ व सात यांची खरी सरासरीही साडेसातच. एका बाजूने वजा होणारा घड्याळांचा फरक दुसऱ्या बाजूने तितकाच मिळविला जात असल्याने तो आपोआप नाहीसा होतो.

८. दारापासून दारापर्यंत

प्रवासी मात्र विमानतळावर राहत नाही. माणगावहून मुंबईचा विमानतळ आकाशरेषेने सुमारे १०५ किलोमीटर, तर रस्त्याने दीडशेच्या घरात. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ नंतर वर्षानुवर्षे रेंगाळले आणि चार तासांचा अंदाज कित्येकदा अपुरा पडत आला. कोकण रेल्वेमुळे दुसरी वाट उपलब्ध झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यातच, पनवेलच्या बाजूस असल्याने भूमार्गाची मजल काहीशी आखूड होण्याची सोय झाली आहे.

माणगाव परिसरातील घरापासून डिमोनातील घरापर्यंतचा हिशेब पाहू. मुंबईपर्यंत चार तास, विमानतळावर तीन, वळशाच्या वाटेने विमानात साडेसात, उतरल्यावर एक आणि डिमोनापर्यंत दीड : एकूण सतरा तास. यातील पहिले दीडशे किलोमीटर म्हणजे एकूण वाटेचा जेमतेम चाळिसावा हिस्सा. पण त्याला एकूण वेळेचा जवळजवळ चौथा हिस्सा लागतो. उलट वळसा टळल्याने वाचणारे पावणेदोन तास विमानप्रवासाच्या सुमारे चौथाईइतके असले, तरी दारापासून दारापर्यंतच्या प्रवासात त्यांचा वाटा दहावाच राहतो. माणगावचा रस्ता सुधारला तरीही तेल अवीव जवळ येते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या तासांना मोल आहे. ज्यू धर्माचारानुसार मृताचे दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, करावयाचे असते. गावी वडील वारल्याची वार्ता डिमोनातील मुलाला काही क्षणांत कळते. पण सतरा तास, त्यात तिकीट मिळण्याचा अवधी आणि घड्याळाचे साडेतीन तास विरुद्ध बाजूने, हे सारे मिळून तो मूठमातीला पोचेल की नाही ते ठरते. शुक्रवारी दुपारनंतर वार्ता आली, तर शब्बाथमुळे आणखी एक दिवस जातो; ‘एल अल’ने १९८२ पासून शब्बाथच्या दिवशी उड्डाणे बंद ठेवली आहेत. तेथे ४,०५० हा आकडा काहीच सांगत नाही. दोन तासांचा वळसा मात्र सर्व काही सांगून जातो.

९. समारोप

या विवेचनाचे तात्पर्य असे की, ‘विमानाने किती लांब?’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. किमान लांबी गोलाच्या भूमितीने ठरते आणि ती अचल असते. वाट ही विमानाच्या पल्ल्याने, राष्ट्रांच्या अनुमतीने आणि युद्ध-शांततेने ठरते. तिला इतिहास असतो आणि तारखाही असतात. वेळ मात्र वारा, घड्याळ, रस्ता आणि धर्माचार या सर्वांच्या मेळाने ठरते. या तिन्हींसाठी एकच ‘अंतर’ हा शब्द वापरल्याने जो गोंधळ होतो, तो टाळण्याची सामग्री मराठीत आधीपासून आहे. किमान लांबीसाठी ‘अंतर’, प्रत्यक्ष मार्गासाठी ‘वाट’, त्या दोहोंतील फरकासाठी ‘वळसा’ आणि दारापासून दारापर्यंतच्या काळासाठी ‘मजल’ असे शब्द शास्त्रीय लेखनातही निश्चित अर्थाने योजता येतील. नवी परिभाषा घडविण्यापूर्वी जुन्या शब्दांचा अर्थभेद नीट पारखून पाहणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे पहिले काम होय.

माणगावच्या वाटसरूने मुंबईचे अंतर तासांत सांगितले, तेव्हा त्याने चूक केली नव्हती. विचारणाऱ्याला कशाचे उत्तर हवे आहे, हे त्याने बरोबर ओळखले होते.